वाचकांचे प्रश्न : रानातला डबा शोधताना

गेल्या अंकात जिओकॅशिंग या खेळाची ओळख करून दिली होती. कुणीतरी रानात, टेकडीवर किंवा तळ्याकाठी छोटा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर टाकतो. इतरांनी फोनच्या आधाराने तिथे पोहोचायचे, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तस्सा ठेवून परत यायचे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला, इतका हा खेळ त्या तंत्राला चिकटून जन्मला. त्या लेखावर विदर्भातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि उत्तरे खाली देत आहोत.

प्रश्न : डब्यापासून पाच-सहा मीटरवर पोहोचलो की फोनमधला बाण वेड्यासारखा फिरतो. कधी मागे दाखवतो, कधी पुढे. दोन तास शोधूनही डबा मिळाला नाही. फोन बिघडला आहे का? (विद्यार्थी, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : फोन ठीक आहे, त्याच्याकडून अपेक्षा जास्त आहे. उघड्या माळरानावर साध्या फोनची चूक साधारण पाच मीटर असते. दाट सागवानात, नाल्याच्या खोल पात्रात किंवा कड्याच्या पायथ्याशी ती दहा-पंधरा मीटरवरही जाते, कारण उपग्रहाचा संदेश थेट न येता खडकावर किंवा ओल्या पानांवर आपटून येतो आणि फोनला अंतर जास्त भासते. शिवाय ज्याने डबा ठेवला त्याच्या फोनचीही तेवढीच चूक असणार. दोन्हीकडचे पाच-पाच मीटर धरले तरी दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ होते, म्हणजे तीनशे चौरस मीटरहून थोडी जास्त जागा. अंतर पाच मीटर आणि चूकही पाच मीटर असेल, तर बाणाला दिशा उरतच नाही. म्हणून शेवटच्या दहा मीटरांत बाणाकडे बघणे सोडा.

त्याऐवजी असे करा. तीस-चाळीस मीटर लांब असतानाच थांबा. फोन छातीसमोर सपाट धरून मिनिटभर स्थिर उभे राहा. बाण ज्या दिशेला आहे त्या रेषेत एखादे झाड किंवा दगड हेरून ठेवा. मग डब्याच्या जागेपासून तेवढेच अंतर ठेवून वळसा घालत साधारण काटकोनात या, तिथून पुन्हा तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे दुपट्टा टाकून ठेवा. तिसऱ्या बाजूनेही रेषा घेतली तर उत्तमच. शोधाचा मध्यबिंदू तो दुपट्टा, फोनवरचा शून्य आकडा नव्हे.

होकायंत्र आधी ताजे करून घ्या. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवायचा. चुंबकाचे झाकण असलेले कव्हर काढा, त्याने बाण हमखास चुकतो. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे साधे होकायंत्र असेल तर कुठलीही वजाबाकी न करता वापरता येते.

आता डोळ्याचे काम. दुपट्ट्यापाशी उभे राहून आधी नुसते बघा, हात लावू नका. माणसाने लपवलेली गोष्ट निसर्गाहून जास्त नीटनेटकी असते. एकाच मापाचे तीन दगड ओळीने, समांतर ठेवलेल्या काटक्या, झाडाच्या ढोलीत बाहेरून आणलेली साल, शेवाळाची बाजू खाली गेलेला दगड, अशा जागा आधी पाहा. त्यानंतर दुपट्ट्याभोवती मीटर-मीटरने वाढत जाणाऱ्या वेढ्यात फिरा. गुडघ्याखाली, कमरेएवढ्यावर आणि डोक्याच्या वर, असा प्रत्येक वेढा तीन पातळ्यांवर बघायचा. नवखे लोक फक्त जमिनीकडे पाहतात आणि फांदीला बांधलेली बारीक नळी तशीच राहते.

निघण्यापूर्वी डब्याची माहिती पूर्ण वाचली होती का? आकार तिथे दिलेला असतो. ‘मायक्रो’ म्हणजे शंभर मिलिलिटरहून कमी, जुन्या फोटोरिळाच्या डबीएवढा. ‘स्मॉल’ म्हणजे तिथून एक लिटरपर्यंत. जेवणाच्या डब्याएवढे काहीतरी मनात धरून डबी शोधली तर ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. शोधाची आणि वाटेची अवघडता एक ते पाच अशा दोन वेगळ्या आकड्यांत दिलेली असते. सूचना सांकेतिक लिपीत असते. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते (‘ए’ च्या जागी ‘एन’) आणि ॲप ती एका बोटाने उलगडते. सगळ्यांत महत्त्वाचे, हा डबा शेवटचा कुणाला कधी सापडला ते बघा. मागचे तीन-चार जण ‘सापडला नाही’ असे नोंदवून गेले असतील आणि मध्ये एक पावसाळा लोटला असेल, तर तो डबा बहुधा वाहून गेला आहे. तुम्हीही ‘सापडला नाही’ ही नोंद जरूर करा. त्यात कमीपणा काही नाही, ठेवणाऱ्याला त्यावरूनच डबा तपासायला जावे लागते हे कळते. चाळीस मिनिटांत सापडला नाही तर थांबावे, असे आमचे मत आहे. त्यापुढे माणूस झुडपे मोडायला आणि दगड उपटायला लागतो.

प्रश्न : संकेतस्थळावरचे आकडे नकाशात घातले तर जागा भलत्याच तालुक्यात दिसते. (शिक्षक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, नकाशाचे बहुतेक ॲप दशांश अंश मागते. समजा अक्षांश २० अंश ३०.५०० मिनिटे आहे. तो २०.३०५०० असा घातला की तुम्ही साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जाता. मिनिटांना ६० ने भागायचे : ३०.५ भागिले ६० म्हणजे ०.५०८३३, म्हणून बरोबर आकडा २०.५०८३३. रेखांशालाही हेच. मिनिटाचे तिन्ही दशांश घ्या. आपल्याकडे शेवटच्या दशांशातला एक म्हणजे अक्षांशात सुमारे १.८ मीटर आणि रेखांशात सुमारे १.७ मीटर. दोनच दशांश घेतले तर प्रत्येक आकड्यात सुमारे सोळा मीटरपर्यंतची चूक तुम्ही घरूनच घेऊन निघाला. फोनची मांडणी ‘डब्ल्यूजीएस ८४’ या जीपीएसच्या मापनपद्धतीवरच ठेवा. सर्वेक्षण विभागाचे जुने कागदी नकाशे वेगळ्या मापनपद्धतीवर आहेत, त्यांच्यावरून मोजलेले आकडे जुळत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे डोंगरात नेटवर्क नसते. मग जीपीएस चालेल का? (दुकानदार, धारणी, जि. अमरावती)

उत्तर : चालेल. उपग्रहाचा संदेश मोबाइलच्या टॉवरवरून येत नाही. टॉवरची मदत एवढीच, की कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते. ती नसेल तर फोन तीच माहिती थेट उपग्रहाकडून उतरवतो आणि त्याला उघड्या आकाशाखाली अर्ध्या मिनिटापासून कित्येक मिनिटे लागतात. म्हणून घरून निघताना जीपीएस एकदा चालू करून जागा पकडू द्या, नकाशा आणि डब्याचे पान आधीच उतरवून घ्या. ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा फुकट उतरवता येतो. अँड्रॉइडवर सी:जिओ हे मोफत ॲप डब्याची माहिती फोनमध्ये साठवते. रानात फोन विमान मोडवर ठेवा. बहुतेक फोनवर जीपीएस त्यातही सुरू राहते आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

उन्हाळ्याचे मात्र वेगळे. बऱ्याच फोनची वापर-मर्यादा ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच असते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होते. उन्हात धरलेला फोन आधी पडदा अंधुक करतो, मग बंद पडतो. त्यामुळे परतीच्या वाटेच्या खुणा कागदावरही लिहिलेल्या असाव्यात.

एक सावधगिरी. नेटवर्क नाही म्हणून परदेशी बनावटीचे, उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र कुणी देऊ केले तर घेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे. नुसती जागा दाखवणारा जीपीएस संच वेगळा, त्याला अडचण नाही. तुमच्या भागात आणखी एक बघावे लागते : मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत डबा शोधायला पायी शिरता येत नाही, मग नकाशावर खूण असो वा नसो.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र जुन्या देवळाजवळच्या टेकडीवर डबा शोधत होतो. गावातले लोक जमले आणि गुप्तधन काढायला आले म्हणून अडवले. (वाचक, लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : गावकऱ्यांचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. अनोळखी पोरे, हातात यंत्र, दगड उचलून बघतात, आणि विचारले तर सांगतात ‘कॅश शोधतोय’! या शब्दाचा अर्थ लपवलेला साठा, पण ऐकणाऱ्याला पैसाच ऐकू येतो. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्या भागात भयंकर प्रकार घडले आहेत आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीसही अशा बातमीकडे गंभीरपणे बघतात. तेव्हा आधी गावात थांबा. पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटा, फोनवर डब्याचे पान दाखवा, गाडी कुठे लावली ते सांगा. ‘कॅश’ म्हणू नका, ‘वहीवर सही करायचा खेळाचा डबा’ म्हणा. गावातला एखादा जण सोबत येतो म्हणाला तर आनंदाने न्या, त्याच्याइतकी वाट कुठल्याच ॲपला ठाऊक नसते.

फावडे, कुदळ, सब्बल यांपैकी काहीही सोबत नको. या खेळाच्या नियमानुसार डबा जमिनीत पुरायचाच नसतो, म्हणजे खणायची वेळ येतच नाही. देवस्थानाचे दगड, वीरगळ, शेंदूर लावलेले काहीही हलवायचे नाही. डबा तिथेच आहे असे वाटले तरी नाही.

गडचिरोलीच्या आणि सीमेलगतच्या वाचकांना वेगळे सांगतो. तिथे रानात बेवारस डबा दिसणे म्हणजे स्फोटकाची शंका. त्या भागात डबा ठेवूही नका, सापडलेला उघडूही नका, लांबूनच ११२ वर कळवा. पुलगाव, भद्रावती, जवाहरनगर इथल्या दारूगोळा आणि आयुधनिर्माणीच्या परिसरातही हा खेळ नको.

प्रश्न : आमच्या गावाजवळ स्वतः डबा ठेवायचा आहे. कुठे ठेवावा, कसला ठेवावा? (युवक मंडळ, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : आधी जमीन कुणाची ते बघा. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी संमती घेऊन शेताच्या धुऱ्यावरचे किंवा पांदण रस्त्याकडेचे जुने झाड निवडणे सर्वांत सोपे. ई-वर्ग (गुरचरणाची सरकारी) जमीन असेल तर ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला विचारा. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर ठेवायचा तर तलाव ज्या विभागाकडे आहे त्याला विचारा आणि पाळीच्या दगडी पिचिंगमध्ये कधीच ठेवू नका. शोधणारा एक दगड काढतो, पाणी तिथूनच वाट करते. झुडपी जंगल म्हणजे मोकळी जागा असा समज आहे, तो सोडा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाला वनजमीनच मानले आहे. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते. जिथे सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, जसा २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला मिळाला, तिथे ग्रामसभेलाच विचारायला हवे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान पूर्ण वगळा. आमचे स्पष्ट मत असे, की विदर्भात डबा गावाच्या अंगाला असावा, जंगलाच्या पोटात नसावा. दुसरा डबा जवळपास असेल तर निदान १६१ मीटर अंतर ठेवावे लागते, नाहीतर तपासणारे स्वयंसेवक मंजुरी देत नाहीत.

डबा अर्धा ते एक लिटरचा, चारही बाजूंनी खटके आणि झाकणात सिलिकॉनची रबरी पट्टी असलेला, जाड प्लास्टिकचा घ्या. आत पाणी जाते ते बहुतेक वेळा पट्टीत अडकलेल्या मातीच्या कणामुळे किंवा पिशवीचे टोक झाकणात चिमटल्यामुळे. घरी परीक्षा करा : आत टिश्यू पेपर ठेवून डबा बादलीत वर दगड ठेवून रात्रभर बुडवा, सकाळी कागद कोरडा हवा. स्टीलचा डबा नको, तो चमकतो, तापतो आणि चोरीला जातो. परदेशात लष्कराचे गोळ्यांचे डबे वापरतात, इथे तसा डबा दिसला तर गाव रिकामे होईल. शक्यतो पारदर्शक डबा घ्या आणि वर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा : ‘खेळाचा डबा. धोका नाही. कृपया इथेच ठेवा.’ खाली संपर्काचा फोन नंबर.

आत वही, शिसपेन्सिल आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. वही वेगळ्या झिप पिशवीत. पेन ठेवू नका, मे महिन्यात रिफिल गळते नाहीतर सुकते. खाऊ, साबण, अगरबत्ती, अत्तर, वासाचे काहीही नको. वानर डबा पळवतात, उंदीर कुरतडतात आणि अस्वलाला वास फार लांबून येतो. वारुळाजवळ ठेवला तर वाळवी वही खाते. नाल्याच्या पात्रात ठेवला तर पहिल्याच पुरात गेला. काळ्या मातीत, जमिनीलगत ठेवला तर उन्हाळ्यात भेगेत उतरतो आणि पावसाळ्यात चिखलात रुततो. जमिनीपासून हातभर वर, मुरमाड उंचवट्यावरची ढोली किंवा खडकाची कपार चांगली. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस असतात, त्यामुळे वाळलेल्या गवतात तर नकोच.

जागेचे आकडे एकदाच घेऊन चालत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, निदान पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. ठेवल्यावर पोळ्याच्या सुमाराला एकदा आणि होळीनंतर एकदा तपासणी कराच.

प्रश्न : वीस विद्यार्थ्यांना घेऊन हा खेळ खेळायचा आहे. आमच्या भागात वाघ आणि अस्वल आहे. काय काळजी घ्यावी? (शिक्षिका, सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, तुमच्या तालुक्यात मुलांना जंगलाच्या कडेला नेऊ नका. खेळ शाळेच्या पटांगणात आणि गावठाणात मांडा, तात्पुरते सहा-सात डबे लपवा आणि संध्याकाळी काढून घ्या. आकडे, होकायंत्र, शोधण्याची रीत हे सगळे तिथेही तेवढेच शिकता येते.

हे इतके ठाम का सांगतो? मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करणारी माणसे वाकून, बसून, खाली बघत काम करतात आणि वाघाच्या हल्ल्यांत बळी जाणाऱ्यांत अशी माणसे फार असतात. डबा शोधणारा नेमका तसाच झुडपात वाकलेला असतो. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे अस्वले झाडाखाली असतात. मोठ्यांनी इतर भागांत खेळतानाही सकाळी आठ ते दुपारी चार हीच वेळ ठेवावी, मोठ्याने बोलत राहावे, आणि एक शोधत असताना दुसऱ्याने फक्त पहारा करावा. वन्यप्राणी दिसला तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. झाडाला बांधलेला कॅमेरा वनविभागाचा असतो, त्याला हात लावू नका.

जनावरांपेक्षा नेहमीचा धोका हाताचा असतो. कपारीत, ढोलीत, दगडाखाली हात घालण्याआधी टॉर्च मारा आणि लांब काठीने ढोसा. दगड उचलताना आपल्या बाजूची कड वर येऊ देऊ नका. पलीकडची कड उचला, म्हणजे विंचू किंवा साप निघाला तर तो तुमच्यापासून दूर निघेल. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही आपल्याकडे आहेत. चावलेच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काही करायचे नाही. अंगठी-कडे काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष कुठे आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

अंधार पडायच्या आत शेतशिवारातून बाहेर या. रानडुकरांसाठी कुणी चोरून थेट वीजप्रवाह सोडलेली तार लावली असेल तर ती रात्री दिसत नाही आणि माणूस जागीच जातो. बिनकठड्याच्या विहिरीही गवताने झाकलेल्या असतात, फोनकडे बघत चालणे तिथेच महागात पडते. बिब्याच्या झाडाला टेकू नका, त्याच्या चिकाने कातडीला फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगांपासून लांब राहा. आग्या मोहोळ दिसले तर शोध तिथेच थांबवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले होते. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : डब्यातली वस्तू घेतली तर चालते का? (इयत्ता आठवी, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : चालते, पण तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवून. गोटी घेतली तर गोटी, शिक्का घेतला तर शिक्का. क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला मात्र स्वतःजवळ ठेवून घेऊ नकोस. तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करत असतो, त्याला पुढच्या डब्यात पोहोचवायचे.

प्रश्न : लोणारच्या विवरात डबा ठेवला तर जगभरचे लोक येतील. ठेवू का? (वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : ठेवू नका. विवर अभयारण्य आहे, राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे. पण या खेळात डब्याशिवायचा एक प्रकार आहे, ‘अर्थकॅश’ (इंग्रजी ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी), आणि लोणार त्याच्यासाठी जणू घडवलेच आहे. तिथे काही लपवायचे नसते. तुम्ही जागेचे आकडे आणि भूशास्त्राचा एक छोटा धडा देता, येणारा तिथे उभा राहून बघतो आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरे पाठवतो. दगड, माती, पाणी काहीही उचलायचे नसते.

प्रश्न असे हवेत, की ज्यांची उत्तरे घरी बसून मिळणार नाहीत. काठावर उभे राहून पलीकडची कड किती लांब वाटते? (विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, अंदाज चुकतोच.) कडेच्या बेसाल्टचे थर आडवे दिसतात की बाहेरच्या बाजूला कललेले? कशामुळे कलले असतील? धारेचे (काठावरच्या झऱ्याचे) गोडे पाणी आणि खाली तळ्याचे खारे, अल्कधर्मी पाणी, यांच्या आसपासच्या झाडोऱ्यात काय फरक दिसतो? जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आज पाण्याचा रंग कसा आहे, हाही एक प्रश्न होऊ शकतो. जागा मात्र काठावरच्या खुल्या वाटेवरची निवडा, वनविभागाची लेखी संमती अर्जासोबत जोडा आणि मजकूर मराठीत व इंग्रजीत दोन्ही द्या. परदेशी खेळाडू येतील तेव्हा येतील, मेहकर-लोणारच्या शाळांची मुले आधी येतील.